अहवालातली कुपवाडची ओळ

वसंतराव धुमाळ. आयुष्यात तू सगळ्यात जास्त कुणाचं देणं लागतोस, असं कुणी विचारलं तर मी हेच नाव सांगत आलो. आईवडिलांचं वेगळं, ते कुणी या हिशेबात धरत नाही. पण आमच्या घरात पहिली पदवी आली ती तुमच्यामुळे आली, साहेब. हे मी माझ्या लग्नात सांगितलं, ऑफिसात सांगितलं, मुलीच्या शाळेत पालकांना बोलायला लावलं तेव्हाही सांगितलं. लोकांना सांगायला मला कधी संकोच वाटला नाही. तुमच्याशी बोलायचा मात्र गेली काही वर्षं वाटत होता, आणि आता तुम्ही नाही.

परवा नीरेच्या काठावर तुमचा दहावा झाला. साताऱ्याहून एसटीनं शिरवळला आलो. घाटावर पोचेपर्यंत मला वाटत होतं की रडू येईल. आला तो राग. तुमच्यावर, माझ्यावर आणि एका ओळीवर. ती ओळ तुम्हाला पाठ होती, तरी इथे लिहितो: ‘कुपवाड शाखा: बहुतांश कर्जे तारणाविना असून वसुलीची शक्यता नगण्य.’ आपली बँक मोठ्या बँकेत विलीन झाली त्या वेळच्या अहवालातली ही ओळ. खाली सही आमच्या ऑडिट फर्मच्या मालकांची होती. लिहिली होती मी.

मी अजूनही ‘आपली बँक’ म्हणतो. सांगलीची छोटी सहकारी बँक, तिची कुपवाडची शाखा, आणि त्या शाखेचे तुम्ही अनेक वर्षांचे शाखाधिकारी. कॉलेजच्या सुट्टीत तुम्ही मला तिथे कारकुनीला बसवलंत, तेव्हा तुमची कर्ज देण्याची पद्धत मी जवळून पाहिली. एखाद्या वर्कशॉपवाल्याचा अर्ज आला की तुम्ही आधी फाईल उघडत नव्हता. सकाळी आठच्या आत त्याच्या शेडसमोरच्या टपरीवर जाऊन चहा घेत बसायचात आणि कामगारांच्या दुचाक्या मोजायचात. एक दिवस नव्हे, आठवडाभर. रोज त्याच गाड्या, तेवढ्याच गाड्या लागत असतील तर माणसं टिकून आहेत, म्हणजे पगार वेळेवर होतोय. मग लोखंडाच्या व्यापाऱ्याकडे एक फेरी, हा माणूस उधारी कधी देतो ते विचारायला. एका टपरीवाल्यानं तुम्हाला कामगार खात्याचा इन्स्पेक्टर समजून तीन दिवस चहाचे पैसे घेतले नाहीत. चौथ्या दिवशी तुम्ही खरं सांगितलंत, तर त्यानं चारही दिवसांचे मागून घेतले. शाखेत येऊन तुम्ही हे सांगितलंत आणि म्हणालात, ह्या टपरीवाल्याला कर्ज द्यायला हरकत नाही.

इथपर्यंत सगळं छान. पण पुढं तुम्ही काय करायचात? शेडचे मूळ कागद घेऊन तिजोरीत ठेवायचात आणि रीतसर गहाणखत मात्र नोंदवायचं नाही. मी एकदा कारण विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, मुद्रांकाचा खर्च त्या माणसाच्या बोकांडी बसतो, ते एक. दुसरं म्हणजे नोंदणी झाली की शेड गहाण पडल्याचा बोभाटा होतो, लोखंडवाला उधारी बंद करतो आणि चालता धंदा बसतो. आपणच कर्ज द्यायचं आणि आपणच त्याला बसवायचं, हे कसलं तारण, असं तुमचं म्हणणं. मला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. आज वाटतं, साहेब, तुमच्यासारखा माणूस खुर्चीवर कायम बसणार आहे, असं धरून तुम्ही शाखा चालवलीत. निवृत्त झाल्यावर तुमच्या डोक्यातलं सगळं तुम्ही शिरवळला घेऊन गेलात. तिजोरीत राहिले नुसते कागद.

आणि मी तक्रार करतोय ती कोण म्हणून? माझं शिक्षणाचं कर्जही तसलंच होतं. आमची वस्ती कवठे महांकाळच्या बाजूला. आबा मेंढरं राखायचे, जमीन म्हणावी अशी नव्हती. दोन बँकांनी अर्ज हातात परत दिला होता. तुम्ही रविवारी स्कूटरवरून वस्तीवर आलात आणि आबांना विचारलंत, तारण काय देणार. आबा म्हणाले, “तारण म्हंजी मेंढरंच हायती, सायेब. पर ती चालत असत्यात, एका जागी ऱ्हात न्हाईत.” तुम्ही इतके हसलात की आई घाबरून बाहेर आली. जाताना तुम्ही गावातल्या पेंडीच्या दुकानदाराला गाठलंत. त्यानं सांगितलं, हा माणूस मेंढरं विकून आला की आधी माझे पैसे देतो, मग घरी जातो. त्याच दुकानदाराची जामीनदार म्हणून सही घेतलीत आणि अर्जावर तारणाच्या रकान्यात आडवी रेघ मारलीत. त्या रेघेवर मी बी.कॉम. झालो. पहिल्या पगारापासून हप्ते भरले आणि मुदतीच्या आधी कर्ज संपवलं. शेवटच्या हप्त्याला तुम्ही पेढे मागवलेत आणि पैसे मलाच द्यायला लावलेत.

मग काही वर्षांनी ते साल आलं. लॉकडाऊन लागायच्या आधीच आपल्या बँकेवर निर्बंध आले होते. कुपवाड शाखेमुळे नव्हे. मुख्य कार्यालयानं दोन बड्या लोकांना मोठी कर्जं दिली होती, सगळी गहाणखतं नोंदवून, मूल्यांकनाचे शिक्के मारून, आणि ती दोन्ही थकली. ठेवीदारांना ठरावीक रकमेपलीकडे काढता येईना. त्यात लॉकडाऊन. दवाखान्याला पैसे लागायचे, ते खात्यात असायचे आणि मिळायचे नाहीत. अशा वेळी साताऱ्याकडची एक मोठी बँक आपल्याला सामावून घ्यायला तयार झाली. या विलीनीकरणाचे आर्थिक परिणाम काय होतील, कर्जांची खरी किंमत किती धरायची, सभासदांच्या शेअरना काही मिळणार का, हे तपासण्याचं काम आमच्या फर्मकडे आलं. कुपवाड शाखा माझ्याकडे दिली गेली.

मला ती नाकारता आली असती. मी या शाखेचा जुना कर्जदार आहे, शाखाधिकारी मला मुलासारखं वागवायचे, एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. सांगितलं नाही. मला वाटलं, माझ्याइतकी ही शाखा कोण ओळखतो? काम हातात आल्यावर उलटंच झालं. ओळखीचा म्हणून सवलत दिली असं कुणी म्हणू नये, या भीतीनं मी बाकीच्या शाखांपेक्षा कुपवाडला जास्त कडक लावलं. आमचे मालक दोन ठिकाणी म्हणाले, इथे थोडी वसुली धरायला हरकत नाही. मीच नको म्हणालो. त्याला मी तेव्हा प्रामाणिकपणा समजत होतो.

आणि बघायला होतं तरी काय? औद्योगिक वसाहत बंद. शेडसमोर एक दुचाकी नाही. हप्त्यांना सगळ्यांनाच सवलत मिळालेली, त्यामुळे कोण भरणारा आणि कोण बुडवणारा हे खात्यावरून कळेना. माणसाची सवय दाखवणारं जे जे होतं ते सगळं त्या महिन्यांत थांबलं होतं. स्कॅन केलेले कागद तेवढे स्क्रीनवर होते, आणि कागदात गहाणखत नव्हतं. मी सूत्र लावलं, कर्जांसमोर शून्याच्या जवळ जाणारे आकडे मांडले आणि ती ओळ लिहिली. त्या दोन बड्या कर्जांना मात्र जमिनीची बऱ्यापैकी किंमत धरली गेली, कारण त्यांचे कागद चोख होते.

बेरीज झाली आणि बँकेची नक्त मालमत्ता, म्हणजे देणी वजा जाता उरतं ते, शून्याखाली गेली. ठेवी सुरक्षित, शेअरची किंमत शून्य. अहवालाचा सारांश सभासदांना गेला. ऑनलाइन सभेत ठराव मंजूर झाला. कुपवाडमध्ये टपरी उघडायच्या आधी बातमी पसरली, की धुमाळानं कागद न करता कर्जं वाटली आणि बँक बुडवली.

बस सुरू झाल्या त्या आठवड्यात तुम्ही साताऱ्याला आलात. मास्क, डोक्याला उपरणं, हातात कापडी पिशवी. ऑफिसात बाहेरच्यांना बसू देत नव्हते, म्हणून आपण जिन्यात उभे राहिलो. तुम्ही ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

“सिद्धा, विलीनीकरण झालं ते चांगलं झालं. लोकांच्या ठेवी सुटल्या. माझं म्हणणं त्या एका ओळीबद्दल हाय.”

मी नियम सांगितला. तारण नोंदवलेलं नसलं की तसं लिहावंच लागतं.

“तारण न्हाई, हे लिही. ते खरं हाय. वसुली हुणार न्हाई, हे कुणाला विचारून लिहिलंस?”

सगळं बंद होतं साहेब, विचारणार कुणाला, असं मी म्हणालो.

“मग ‘माहीत न्हाई’ असं लिहायचं हुतंस.”

साहेब, अहवालात ‘माहीत नाही’ असा रकाना नसतो. हे मी तेव्हा बोललो नाही, पण हेच उत्तर होतं आणि आजही आहे. रकाना रिकामा ठेवला असता तर विलीनीकरण अडलं असतं, ठेवी अडकून राहिल्या असत्या. त्याऐवजी मी जे बोललो ते लागेल असंच बोललो. म्हणालो, तुम्ही वेळेवर गहाणखतं नोंदवली असती तर आज कुणावर ही वेळ आली नसती.

तुम्ही जिन्याचा कठडा धरलात. गुडघा दुखत असावा.

“तुझं कर्ज त्या यादीत असतं, तर कुठल्या रकान्यात टाकलं असतंस?”

वरून मला हाक आली आणि मी गेलो. खरं म्हणजे हाक मारून मारून माणूस कंटाळला तरी मी एरवी जात नाही. त्या दिवशी लगेच गेलो.

पंधरा दिवसांनी तुमचं पत्र आलं, पोस्टानं, ऑफिसच्या पत्त्यावर. तुमचं ते सरळ उभं अक्षर. सोबत कुपवाडच्या कर्जदारांची यादी, प्रत्येकासमोर किती कामगार, किती वर्षं धंदा, कुणाची उधारी कशी. हे सगळं आठवणीतून. तुम्ही एकच मागितलं होतं: यातल्या माणसांना एकदा जाऊन भेट, मग काय लिहायचं ते लिही, जमलं तर पुरवणीत एक वाक्य घाल. ते वाचून मी चिडलो. हीच माहिती तुम्ही वीस वर्षांत कधी फाईलला का लावली नाहीत? लावली असती तर मला वापरता आली असती. निवृत्त माणसाच्या खासगी पत्रातली यादी मी कुठल्या पानावर चिकटवू? मी उत्तर पाठवलं आणि यादी ड्रॉवरमध्ये टाकली.

त्यानंतर आपण दोनदा भेटलो. माझ्या बहिणीच्या लग्नात तुम्ही आलात, आहेर केलात, जेवलात, आबांशी मेंढरांवर बोललात. दुसऱ्यांदा शिरवळच्या फाट्यावर गाठ पडली. काकींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, तुमच्या रणजितची शिरवळच्या कंपनीतली पाळी, एवढंच. त्या ओळीचा विषय दोघांनीही काढला नाही. तुम्ही मला पूर्वीसारखंच सिद्धा म्हणालात. त्यामुळे जास्त त्रास झाला.

गेल्या वर्षी मोठ्या बँकेचे हिशेब आमच्याकडे आले. विलीनीकरणात जवळजवळ शून्य धरलेल्या कुपवाडच्या कर्जांची वसुली मी रकान्यातून खाली वाचत गेलो. बहुतेक सगळी आली होती, व्याजासकट. ती आता मोठ्या बँकेचा नफा म्हणून जमा होती. त्या दोन चोख कागदांच्या कर्जांच्या जमिनीवर दावे चालू आहेत, एक रुपया आला नाही. सहकारी बँकेत कर्ज घेताना शेअर घ्यावेच लागतात. म्हणजे ज्या वर्कशॉपवाल्यांनी पै न पै फेडली, त्यांचेच शेअर, ते फेडणार नाहीत असं मी लिहिल्यामुळे, शून्य झाले. तुमचेही. ही चूक दुरुस्त करायला आता कुठला अर्ज नाही, कुठलं खातं नाही. ठराव मंजूर, योजना पूर्ण, फाईल बंद. मालकांना दाखवलं, तर ते म्हणाले, त्या वेळच्या माहितीवर आपण बरोबर होतो. नियमानं ते खरं आहे. मला त्याचा इतका संताप आला की त्या दिवशी जेवण गेलं नाही.

ठरवलं, शिरवळला जायचं आणि सांगायचं, तुमचं बरोबर होतं. मार्चअखेर होती, मग ऑडिट, मग मुलीची परीक्षा. कारणं खरी होती. तुम्ही गेल्याचा रणजितचा फोन आला तेव्हाही मी ‘पुढच्या रविवारी’ असंच म्हणत होतो.

आणि परवा घाटावर मगदूम भेटले. तुमच्या यादीत पहिलं नाव त्यांचं होतं, कुपवाडचे लेथवाले. मला ओळखत नव्हते. मी तुमच्या हाताखाली काम शिकलो एवढंच सांगितलं. मग ते आपणहून बोलत सुटले. लॉकडाऊन उठल्यावर तुम्ही दर महिन्याला एसटीनं कुपवाडला जायचात म्हणे, एकेका शेडमध्ये. लोक म्हणायचे, शेअर बुडाले, आता नव्या बँकेला कशाला भरायचं. तुम्ही म्हणायचात, बँकेचं नाव बदललं, तुझी सही बदलली का?

“आवं, आमी चिडायचो,” मगदूम म्हणाले. “तुमाला ह्यात काय मिळतंय, असं तोंडावर इचारलं. तर म्हणाले, एका पोरानं आपल्याबद्दल चुकीचं लिवलंय. तुमी भरून त्येला दाखवायचं हाय. कोण पोरगा, ते काय कवा सांगितलं न्हाई.”

मी मान हलवली. मीच तो, हे न सांगताच एसटी गाठायला निघालो.

साहेब, आता मला सांगा. ती कर्जं आपल्या पायावर चांगली होती, की दुखऱ्या गुडघ्यानं तुम्ही दारोदार गेलात म्हणून आली? पहिलं खरं असेल तर माझी ओळ चुकली. दुसरं खरं असेल तर ती ओळ लिहिली तेव्हा बरोबर होती आणि तुम्ही ती नंतर खोटी पाडलीत. मग मी तुम्हाला कुठल्या रकान्यात धरायचं होतं? बँकेच्या पगारावर नसलेला, कर्जदार नसलेला, जामीनदार नसलेला एक निवृत्त माणूस स्वतःच्या खर्चानं वसुली करेल, ही किंमत कुठल्या ताळेबंदात येते? मला खात्री आहे, याच्यावर तुमच्याकडे उत्तर होतं. ते एका वाक्याचं असणार आणि मला गप्प करणारं असणार. वाद असा अर्धा ठेवून जाणं तुमच्या स्वभावात नव्हतं. तो अर्धा राहिला, कारण जिन्यातून मी वर निघून गेलो आणि मग तुमच्या पत्राला पाठवलेल्या उत्तरानं दार लावून घेतलं.

तुमच्या शेवटच्या वर्षांतल्या एसटीच्या फेऱ्या, चिडलेल्या माणसांची बोलणी, ते सगळं माझं लिहिणं पुसायला होतं, आणि मला न दुखवता. यासाठी आभार कसे मानतात ते मला येत नाही. नवं पत्र आता लिहून उपयोग नाही. जे पाठवलं होतं त्याची प्रत ऑफिसच्या फाईलमध्ये आहे. काल काढून आणली. एक शब्द न बदलता देतो.

प्रति,
श्री. वसंतराव धुमाळ,
शिरवळ, ता. खंडाळा, जि. सातारा.

विषय: विलीनीकरण अहवालातील कुपवाड शाखेविषयीचा उल्लेख.

महोदय,

आपले पत्र व सोबतची यादी मिळाली. सदर अहवाल उपलब्ध अभिलेखांच्या आधारे, विहित पद्धतीने तयार करण्यात आलेला असून त्यात बदल अथवा पुरवणी करणे शक्य नाही. आपण सोबत जोडलेली माहिती कोणत्याही अभिलेखात आढळत नसल्याने ती विचारात घेता येत नाही.

आपण आता बँकेचे सेवक नसल्याने या प्रकरणी त्रयस्थ आहात. सबब यापुढे या विषयावर आमच्याशी पत्रव्यवहार करू नये, ही विनंती.

कळावे.

आपला विश्वासू,
सि. ब. कोळेकर